दीड तांब्या पाणी

अणदूरच्या त्या गल्लीत कुणाच्याही घरचं पाणी सरलं, तरी शांताक्काचं सरत नसे. उन्हाळ्यात टँकर आठवड्यातून एकदा यायचा. बाकीच्यांची टिपाडं पाचव्या दिवशी खडखडायची, अक्काच्या टिपाडात सातव्या दिवशीही घागर बुडायची. भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसायची, डाळीचं धुवण म्हशीला, आणि प्रत्येकाच्या पिण्याचं माप ठरलेलं. शेजारची कस्तुराबाई म्हणायची, "शांताक्का, तुमाला धरणावर साहेब करायला पायजे होतं. आमच्या नळाला तरी पाणी आलं असतं!" अक्का हसायची नाही, पण तिला ते आवडायचं.

धाकटी जाऊ शिवलीला लग्नानंतर दोन वर्षांनी मनानं आजारी पडली. कधी आठ-आठ दिवस झोप नाही, बोलणं थांबायचं नाही. मग महिनाभर भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. भावकीनं अंगारे सुचवले. अक्कानं कुणाचं ऐकलं नाही. शिवलीलाचा नवरा, म्हणजे आपला धाकटा दीर श्रीशैल, याला सोबत घेऊन तीच तिला सोलापूरच्या डॉक्टरांकडं घेऊन गेली. गोळी लागू पडली. शिवलीला पुन्हा मशीनवर बसली. तिच्याकडं ब्लाउज शिवायला नळदुर्गाहून बायका येऊ लागल्या. रोज जेवण झालं की अक्का स्वतः तिच्या तळहातावर गोळी ठेवायची. 'पाणी भरपूर पाजा,' असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. बाहेर श्रावणाची भुरभुर होती. डॉक्टर सगळ्यांनाच असं सांगतात, असं अक्काला वाटलं.

दोन वर्षांमागच्या वैशाखात पत्र्याखाली बसवेना असं ऊन तापलं. शिवलीला सारखी पाण्याकडं धावू लागली.

"आत्ताच तर प्यालीस. पोट हाय का आड?"

"तोंड लई सुकतंय, अक्का. गोळीनं आसंल."

"गोळी डोक्याला दिलीय, घशाला न्हाय."

शिवलीला हसली. पण दुपारी सगळे आडवे झाल्यावर ती चोरून तांब्या बुडवताना अक्कानं दोनदा पाहिलं. आजाराचंच हे एक खूळ, असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी टिपाडाला साखळी आणि कुलूप आलं. गल्लीतली पोरं पाणी नासतात, असं तिनं सांगितलं. ते कुणासाठी आहे, हे घरात सगळ्यांना कळलं. शिवलीलालाही.

आठवड्याभरात शिवलीलाच्या हातातली सुई थरथरू लागली. मग चालताना तोल जायला लागला, खाल्लेलं उलटून पडू लागलं, जीभ जड झाली. आजार फिरून आला, असं समजून अक्का गोळीची वेळ काटेकोर पाळू लागली. पेल्यात घोटभर पाणी ओतायची आणि गोळी गिळेपर्यंत समोर उभी राहायची.

बाराव्या दिवशी शिवलीला नवऱ्याला ओळखेना.

सोलापुरात डॉक्टरांनी विचारलं, "दिवसाला किती पाणी पीत होत्या?"

श्रीशैलला सांगता येईना. अक्काला येत होतं.

"दीड तांब्या."

"एवढ्या उन्हात?"  डॉक्टरांनी समजावलं. ही गोळी लघवीवाटे अंगाबाहेर जाते. अंगातलं पाणी आटलं की रक्तात साचते, आणि मेंदूत भिनते. "तहान लागत होती ना त्यांना? या गोळीनं ती लागतेच. मागतील तेवढं पाणी द्यायचं होतं."

व्हरांड्यात श्रीशैल म्हणाला, "वैनी, तुमाला कुठं ठावं होतं?"

अक्कानं त्याच्याकडं पाहिलं नाही. तिला सांगितलेलं होतं. तिनं मनावर घेतलं नव्हतं.

शिवलीला वाचली. माणसं ओळखू लागली, नीट बोलू लागली. हातांची थरथर मात्र राहिली. ती जाईल, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. मशीनवर आता कापड टाकलेलं असतं.

कुलूप अक्कानं सोलापूरहून आल्या दिवशीच काढून टाकलं. यंदा तिच्या घरचं पाणी चौथ्या दिवशी सरतं आणि कस्तुराबाईकडून घागर मागून आणावी लागते. शिवलीलाच्या उशाशी सदा भरलेली कळशी असते. तरी कळशीला हात लावण्याआधी ती अजून मान वर करून बघते.

"घेऊ का, अक्का?"

"विचारू नगं म्हणून कितीदा सांगायचं तुला!" अक्का एकदम ओरडते. तिचा आवाज पूर्वीसारखाच करडा निघतो.

शिवलीला हात मागं घेते.