मधली तबकडी

खरं सांगा, "ही अर्धीच आहे, बाई," असं दुकानदारानं तोंडावर बजावल्यावर तुम्ही ती वस्तू घरी आणली असती? मी तर नसतीच आणली. वर त्यालाच चार शब्द सुनावून आलो असतो. बटणताईनं आणली.

बटणताई शर्टांच्या कारखान्यात बटणं लावते. सव्वीस वर्षं तेच काम. तिला नाव आहे, पण हजेरीपटाबाहेर ते कुणी वापरत नाही. मी तिथल्या कामगारांच्या संघटनेचं बघतो. एकदा खिडक्या उघडत नाहीत म्हणून मॅनेजरशी भांडायला गेलो होतो. जेवणाची सुट्टी होती आणि दोऱ्याची रिळं ठेवतात त्या खोलीतून माउथ ऑर्गन ऐकू येत होता. भांडण मी केलंच, ते मी सोडत नाही, पण त्या दिवशी आवाज जरा खाली राहिला. बाहेर पडताना तिला विचारलं, कुणाकडे शिकलीस?

"अर्ध्या तबकडीकडे," ती म्हणाली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. माउथ ऑर्गन तिच्या वडिलांचा. ते ट्रक चालवायचे आणि माल भरेपर्यंत वाजवत बसायचे. दम पुरेनासा झाला तेव्हा त्यांनी तो धाकटीच्या हातात दिला. ती रेडिओवरचं ऐकून वाजवू लागली. पण रेडिओ काही आपल्यासाठी थांबत नाही. चाल हाताशी येतेय म्हणेपर्यंत बातम्या लागतात. तबकडी मात्र पुन्हा पुन्हा लावता येते. म्हणून कारखान्यात लागल्या वर्षीच ती शहरातल्या तबकड्यांच्या मोठ्या दुकानात गेली.

दुकानात काचेची खोली होती, आत बसून ऐकायला. विक्रेत्यानं साधंच विचारलं, तुमच्याकडे मशीन कुठलं आहे? तिच्याकडे कुठलंच नव्हतं. कान तापले. दाराजवळच्या खोक्यात सगळ्यात जाड आल्बम दिसला, तोच तिनं उचलला. वर क्लॅरिनेट धरलेला पाठमोरा माणूस. पुस्तकासारखा उघडणारा, दोन तबकड्यांना जागा, आत एकच. विक्रेता प्रामाणिक होता, हे मी आज मान्य करतो. दुसरी हरवली आहे, असं त्यानं सांगितलं. पण तिला वाटलं, 'हे तुझ्यासारखीचं काम नव्हे,' असंच हा सुचवतोय.

"वाजते ना? मग बांधा."

घरी मोठ्या बहिणीनं विचारलं, उद्या एकच चप्पल स्वस्त मिळाली तर तीही आणशील का? बटणताई आल्बम घेऊन तडक खाली घड्याळवाल्या काकांकडे गेली. त्यांच्याकडे मशीन होतं. त्यांनी सुई टेकवली आणि चाल मधूनच सुरू झाली, आपण दार ढकलावं आणि आत भांडण ऐन रंगात यावं तशी. काकांनी चष्मा लावून लेबल वाचलं. एका अंगाला दुसरी बाजू, उलट्या अंगाला तिसरी. मोठ्या मशीनवर तबकड्या एकावर एक रचून लावायच्या, आधी दोन्हींची वरची बाजू, मग गठ्ठा उलटून खालची, म्हणून पहिली आणि चौथी बाजू हरवलेल्या तबकडीवर होती. सगळा आल्बम म्हणजे एकच लांब रचना, आणि हिच्या वाट्याला तिचा फक्त मधला भाग.

"ना शेंडा ना बुडखा," बहीण म्हणाली.

दर सुट्टीच्या सकाळी काकांकडे जाऊन तिनं तो मधला भाग श्वासासकट पाठ केला. पण वाजवायचं म्हटलं की पहिला श्वास कुठून घ्यायचा? मग तिनं आपली सुरुवात बसवली. चार वर्षं लागली. शेवटही आपलाच केला. तो अजून बदलतेय.

आमच्या संघटनेच्या वाचनालयात शनिवारी दुपारी कुणी ना कुणी काही ऐकवतं. मी तिला तीनदा बोलावलं, तीनदा नकार. तिला एकच भीती. आल्बम पुरता ऐकलेला कुणी समोर बसला, तर म्हणेल, बाईनं पदरचं घुसडलंय.

माझं डोकं सरळ चालतं, म्हणजे भिंत आली तरी चालतंच. दुसरी तबकडी शोधायची, प्रश्न मिटला! सहा महिने भंगारवाल्यांचे उंबरे झिजवले. शेवटी सापडली. लढाई जिंकल्यासारखा घेऊन गेलो. तिनं हात पुसले, तबकडीकडे पाहिलं, पण घेतली नाही.

"ही ऐकली की माझी सुरुवात मेली."

मी भडकलो. सहा महिने कुणासाठी वणवण केली, असं विचारलं.

"मी सांगितलं होतं?"

नव्हतं सांगितलं. वाचायला, भाषण ठोकायला मी आपला आपण शिकलो; गप्प बसायला त्या दिवशी तिनं शिकवलं.

चार दिवसांनी ती स्वतःच वाचनालयात आली. बहिणीनं तिला विचारलं होतं, चोरी केली नाहीस ना, मग लपवतेस काय? बटणताई म्हणाली, "येते शनिवारी. आधी मी वाजवणार. मग ती लावा, सगळ्यांसमोर."

शनिवारी बहीण पहिल्या रांगेत. काका आता थकलेत, पण मशीन मांडीवर घेऊन रिक्षातून आले. बटणताईची सुरुवात सावकाश आली, सकाळी एकेक खिडकी उघडावी तशी. मग तो मधला भाग, मग तिचा शेवट. टाळ्या थांबल्यावर काकांनी पहिली बाजू लावली. क्लॅरिनेट थेट धावतच आला, बस चुकणार असल्यासारखा. तिच्या सुरुवातीशी काडीचंही साम्य नाही. सगळे तिच्याकडे बघत होते. ती डोळे मिटून ऐकत होती. बाजू संपली, सुई उचलली गेली, आणि कुणी काही बोलायच्या आत तिनं माउथ ऑर्गन ओठांना लावून तिथूनच पुढे उचललं. सांधा कळलासुद्धा नाही.

नंतर मी विचारलं, कशी वाटली?

"चांगली आहे," ती म्हणाली. "जरा घाईची आहे."

खोली हसली. बहीण सगळ्यात मोठ्यानं. मी तबकडी उलटायला गेलो तर तिनं माझा हात धरला.

"शेवट राहू दे. माझा अजून व्हायचाय."

आता दर शनिवारी ती शिकवते, सात जणी येतात. तबकडी आमच्या कपाटात आहे, चौथी बाजू न ऐकलेली. तुमच्या माळ्यावर जोडी हरवलेली एखादी तबकडी पडली असेल, तर भंगारात घालू नका, इकडे आणून द्या. आणि ती चौथी बाजू तुम्ही ऐकली असेल, तर कृपा करून तिच्यापुढे तोंड उघडू नका.