आईच्या रंगाचं क्रीम

आईच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल चट्टे उठले, तेव्हा मी तारापूरला सौंदर्यप्रसाधनं बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नुकतीच लागले होते. आमच्या घरात कॉलेज शिकलेली मी पहिलीच. पालघरच्या डॉक्टरांनी तिचं रक्त तपासून मला बाजूला घेतलं. म्हणाले, "यांचं शरीर स्वतःवरच उलटलंय आणि उन्हाने ते भडकतं. यांना ऊन वर्ज्य. नाहीतर हा आजार मूत्रपिंडांवर जाईल. उन्हात जावंच लागलं तर सनस्क्रीन लावून."

डोंगरउतारावर भात आणि पावसाळी काकडी पिकवणारी बाई उन्हात जाणार नाही तर कुठे जाणार?

मी दुकानातून ट्यूब आणून दिली. ती लावून आई बोईसरच्या बाजारात काकड्या घेऊन बसली. सावळ्या चेहऱ्यावर ते क्रीम राख फासल्यासारखं दिसत होतं. शेजारी बसलेली आमच्याच पाड्यावरची काकी मोठ्याने म्हणाली, "काय गो, गिरणीत पडलीस का? का नवरा बघाय निघालीस या वयात?" सगळ्या बाया हसल्या. आईसुद्धा हसली, आणि पदराने तोंड पुसून टाकलं.

प्रयोगशाळेतल्या मॅडमना मी हे सांगितलं. त्यांचे उपकार मी कधी विसरणार नाही. काम संपल्यावर तासभर थांबून स्वतःचं करून बघायची परवानगी त्यांनी मला दिली. कारखान्यात क्रीमसाठी बदामाचं तेल यायचं. मी घरून मोहाच्या बियांचं तेल नेलं. आमच्याकडे ते खातात, अंगालाही लावतात. त्याचा उग्र वास काढायला बरेच दिवस गेले. मग झिंक ऑक्साइडची पांढरी पूड त्या तेलात घोटायची, त्यात लाल, पिवळा, काळा रंग चिमटीचिमटीने घालायचा. रविवारी कारखान्याजवळच्या सरावलीतल्या माझ्या भाड्याच्या खोलीवरून नमुने घेऊन मी घरी जायचे आणि आईच्या हातावर एकेक ठिपका लावून बघायचे.

"वासच नाय याला. हे आपल्या मोहाचं नायच," ती म्हणाली.

"तुझंच आहे गं."

"मग ऊन अडवतं ना आपलं तेल?"

"तेल नाही अडवत. अडवते ती पांढरी पूड. तेलामुळे ती सगळीकडे सारखी बसते."

"म्हणजे राबणार ती, नि मिरवणार आमचा मोह!"

एका रविवारी ठिपका बोटाने पसरला आणि दिसेनासा झाला. आईने हात उजेडात धरून उलटापालटा करून पाहिला. "गेला कुठं?" मला रडू आलं. मॅडमनी त्याची चाचणी करून घेतली, ती चांगली उतरली. आई ते लावून बाजारात बसली त्या दिवशी काकीने तिच्याकडे दोनदा बघितलं आणि एवढंच म्हणाली, "तब्येत सुधारली गो तुझी."

मला वाटलं, आम्ही सुटलो.

भात कापणीच्या सुमारास आईचे पाय सुजले. मग तोंड सुजलं. दवाखान्यात सलाईन लावलेल्या हाताशी बसून मी विचारलं, "रोज लावत होतीस ना?"

"बाजाराला जाताना लावायची. तुझ्या मामाकडच्या हळदीला लावलं."

"आणि शेतात?"

"शेतात कोण बघतंय, बाय? एवढी चांगली वस्तू घामात नासवायची का?"

उन्हासाठी आहे, हे मी तिला कितीदा सांगितलं होतं. तिने ऐकलंही होतं. पण तोंडाला लावायची गोष्ट आमच्याकडे चार माणसांत जाताना लावतात. आणि ही तर लेकीने केलेली, अंगाच्या रंगाला मिळालेली. ती तिने जपली. मी तिच्या पायांवरून हात फिरवत राहिले. बोट दाबलं की तिथे खळगा राहायचा.

ती घरी परत आली ती दवाखान्याच्या गाडीतून, चादरीत गुंडाळलेली. अंगणात बायांनी तिला तेल-हळद लावून अंघोळ घातली, नवं लुगडं नेसवलं. न्यायची वेळ भर दुपारची. काकी आत गेली आणि फळीवरची माझ्या क्रीमची डबी घेऊन आली. माझ्या हातात देत म्हणाली, "लाव तिला. लांब जायचं हाय. तिला ऊन सोसत नाय."

मी झाकण उघडलं. डबी जवळजवळ भरलेलीच होती.

कपाळावर लावलं तर ते पसरेना, तसंच थरासारखं राहिलं. या तेलाला अंगाची ऊब लागते, तरच ते वितळतं. बाया थांबल्या होत्या, बाहेर माणसं घाई करत होती. मी दोन्ही तळव्यांत क्रीम घोळवलं, ते पातळ होईपर्यंत चोळलं आणि मग तिच्या गालांवर, नाकावर, कानांच्या पाळ्यांवर, मानेवर, हातांवर लावत गेले. पुन्हा घेतलं, पुन्हा चोळलं. कुणी मला थांबवलं नाही. डबी रिकामी झाली तेव्हा काकीने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "बस झालं, बाय. आता उचलू दे."