कॅसेटमधली मोठी बाई

टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत दुसऱ्याच फेरीत बाद होऊन मी बीडला परत आले. कुठलीही कंपनी माझी कॅसेट काढणार नव्हती, म्हणून मीच काढली. गाणी माझी, चालीही माझ्याच. रेकॉर्डिंग आमच्या कापडदुकानाच्या माडीवर, खिडक्यांना गाद्या लावून केलं.

पहिल्या कॅसेटी पिशवीत भरून वडील मला स्कूटरवरून घाट चढून मांजरसुंब्याला, हायवेवरच्या ढाब्यांवर घेऊन गेले. "ट्रकवाल्यांला आवडलं की गाणं थेट पुण्याला पोचतंय," ते म्हणाले.

एका ढाब्याच्या मालकानं कॅसेट लावली. जेवणारा एक मिशाळ ड्रायव्हर भाकरी हातात धरून डोलायला लागला. मला राहवलं नाही. "काका, ही मीच गातेय!"

"न्हाई," तो म्हणाला. "ही कोनतरी मोठी बाई हाय."

मी टेप बंद करायला लावला आणि पुढचं कडवं तिथंच उभी राहून, अगदी जीव ओतून गायले. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं आणि मायेनं मान हलवली.

"बरं गातीस, पोरी. पन हिच्यावानी गायला लई टाइम लागंल. ही कॅसेट घरी ने आन् रोज ऐकत जा."

वडिलांना हसून हसून ठसका लागला. मी काकांना वाकून नमस्कार केला, एक नवी कॅसेट त्यांच्या हातात ठेवली आणि घाट उतरेपर्यंत स्कूटरवर मागं बसून मोठ्यानं गात सुटले. वडील बेसूर साथ देत होते.