खांदा दुखतो का?

इंदू गेल्याचा फोन आला तेव्हा, मुलांनो, माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की तुमची आई आता जेवढी रडतेय, तेवढी माझ्यासाठी रडली नसती. महिना झाला. अजून तेच मनात आहे...

इंदू माझी धाकटी बहीण, पेडण्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, डिचोलीच्या शाळेत मुख्याध्यापिका. गोवा घटक राज्य झालं त्या वर्षी तुमची आई, वसू, सासरची चवथ, म्हणजे गणपती, आटोपून माहेरी आली. ऐन चवथीला पाळी आली म्हणून तिला बाहेर बसावं लागलं होतं. म्हणजे दिवस गेलेले नाहीत, असं मी धरून चालले. दुपारी ओटीपोटात दुखू लागलं, तर सणाचं खाणं बाधलं म्हणून ओव्याचं पाणी दिलं.

इंदू सहज आली होती. तिने वसूची नाडी धरली.

"कितलं रगत गेलं गो त्या वेळी?"

"डाग लागला एवढंच, मावशी."

"आणि खांदो दुखता?"

"दुखतो. कळशी उचलली म्हणून असेल."

इंदू उठली. "ताई, ती पाळी नव्हती. गर्भ भलत्या जागी रुजलाय, पोटात रक्त सांडतंय, खांदा त्यानेच दुखतोय. जीप बोलाव."

"आधी आपल्या डॉक्टरांना दाखवू."

"दाखव. तोवर हिची नाडी मिळायची नाही."

पणजीला जायचा मांडवीवरचा पूल पडलेला. बेतीच्या फेरीबोटीला रांग होती. इंदूने भांडून जीप पुढे काढली. वसूचं डोकं तिच्या मांडीवर होतं. मुलगी मरणाच्या दारात, आणि मला वाटत होतं, ते माझ्या मांडीवर हवं.

बीज वाहणारी नळी गर्भाशयाला मिळते त्या कोपऱ्यातच गर्भ वाढून फुटला होता. पणजीच्या डॉक्टरांनी कोपरा काढून शिवला, गर्भाशय राखलं. अशी जागा क्वचित, म्हणाले, आणि फुटली की वेळ देत नाही. शुद्धीवर येताच वसूने विचारलं, "मावशी खंय?"

मी समोरच उभी होते.

ती शिवण कळांनी उसवण्याची भीती होती, म्हणून तुम्हा दोघांनाही कळा सुरू होण्याआधीच शस्त्रक्रियेने बाहेर काढलं. दोन्ही वेळा शेवटचे महिने इंदू रजा घेऊन इथे राहिली. "ताई, तू पेज कर," म्हणायची, आणि दार लोटून घ्यायची.

काल फोनवर तुम्ही विचारलंत, "सुटीत मावशीआजीच्या खोलीत झोपू?" त्या खोलीत एरवी माझी पुस्तकं असतात. हो म्हटलं. इंदू दवाखान्यातल्यासारखे कोपरे घट्ट दुमडून चादर घालायची. आज मी तशी तीनदा घातली. बसली नाही.