मामांचा डावा पाय

मी अमरावतीत सर्जन आहे, आणि सगळ्यात उशिरा माझ्याकडे येतात ती माझ्याच घरची माणसं. तिवशाजवळ भाजीपाला पिकवणारे माझे मामा त्यातलेच. थंडीत पाय गार पडतात म्हणून त्यांनी तापल्या विटेनं शेक घेतला. जुन्या मधुमेहानं पाय बधिर झालेले, भाजलेलं कळलंच नाही. फोड फुटला. त्यावर हळद, मग कुणीतरी दिलेलं मलम. तीन आठवड्यांनी मामींनी मला फोन केला, तोही मामांना चोरून.

मी पट्टी सोडली तेव्हा डावा अंगठा काळा पडला होता.

"मामा, आदी कावून नाई आले?"

"दुखूनच नाई राहिलं, तं कशाले येऊ?"

दुखत नाही म्हणूनच जपायचं, हे मी त्यांना दिवाळीत सांगितलं होतं, लग्नाच्या पंगतीत सांगितलं होतं, फोनवर तर किती वेळा.

पाय जाण्याचा धोका जोखताना मी तीन गोष्टी बघते. जखम किती खोल, रक्त किती पोचतंय, पू कुठवर पसरलाय. जखमेत घातलेली सळई थेट हाडाला लागली. पावलावरची नाडी हाताला लागेना, घोट्याजवळचा रक्तदाबही फार कमी भरला. पू तेवढा अंगठ्यापुरताच होता.

"पाय राहीन का, तेवढं सांग," मामा म्हणाले.

"रक्ताची नळी मोकळी केली तं अंगठा जाईन, पण पाय वाचू शकते. नाई केली तं गुडघ्याखालून कापा लागन, असंच दिसते मले."

"म्हंजे तुलेबी पक्कं मालूम नाई."

अकोल्यात माझा एक मित्र अशा बंद नळ्या उघडतो. त्याला फोन करून दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली. मामा गेलेच नाहीत. परतवाड्याला कुणीतरी न कापता पाय बरा करतो म्हणे, तिकडे पाला बांधून आले. चार दिवसांनी मामींचा पुन्हा फोन.

या खेपेला सूज अर्ध्या पावलावर चढली होती, शेजारचं बोटही काळवंडलेलं. मी दवाखान्यातच ओरडले. बाहेर बसलेले पेशंट दारातून डोकावले. मग बाकीच्यांना उद्या या म्हटलं, मामांना गाडीत घातलं आणि स्वतः अकोल्याला घेऊन गेले. वाटभर ते दुसऱ्यांच्या शेतातल्या वांग्यांना नावं ठेवत होते.

मित्रानं त्याच दिवशी पू काढला, मग फुगा घालून नळी मोकळी केली. पावलात ऊब आली तेव्हा मला रडूच आलं. दोन बोटं काढावी लागली. पाय राहिला.

महिन्याभरानं मी भेटायला गेले, तर ओसरीवर चारजण बसलेले आणि मामा रंगात आलेले.

"चार दिवस थांबलो म्हून दोन बोटांवर निभावलं. नाई तं ह्या पोरीनं पुरा पायच काढला असता!"

मी मामींकडे पाहिलं. त्या गुपचूप चहा टाकायला आत गेल्या. मी खाली बसले, मामांची पट्टी सोडली आणि दुसरा पायही पुढे करायला सांगितला.

"त्याले काय झालं?" मामा वैतागून म्हणाले. "तो तं दुखून नाई राहिला."