दाजींच्या हातातले दोन एक्के

आमचे दाजी आयुष्यात कधी चुकले नाहीत, आणि त्यातच त्यांचं वाटोळं झालं. लिफ्टच्या कंपनीत ते मेकॅनिक होते. एका लिफ्टचा दोर बदलायलाच हवा म्हणून हटून बसले. साहेब म्हणाले, पुढच्या महिन्यात बघू. दाजींनी हातातला पाना साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि कायमचे घरी आले. दोर खरंच खराब निघाला. तो दुसऱ्याने बदलला आणि बढतीही त्यालाच मिळाली. पुढे धाकट्या भावाने जिना बांधताना वीतभर जागा जास्त घेतली, तर दाजींनी टेप लावून ती सिद्ध करून दाखवली. तेव्हापासून अकरा वर्षं दोघे भाऊ एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. "मुद्दा असा आहे" हे दाजींचं पालुपद, म्हणून बाजारात त्यांना 'मुद्दा' म्हणतात. तोंडावर नाही, अर्थात.

आता ते मिक्सर, पंखे, इस्त्र्या दुरुस्त करतात. दुकान एवढंसं, की दोघं बसले तर तिसऱ्याने उभं राहावं. गिऱ्हाईक नसलं की मोबाईलवर पोकर. हा नाद त्यांना मीच लावला आणि त्याबद्दल ताईने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, माझी यथेच्छ हजेरी घेतली आहे. पण फुकट प्रवेशाच्या एका स्पर्धेत दाजी तीन आठवडे टिकले आणि शेवटच्या नऊ जणांत आले, तेव्हा ताईचाही सूर बदलला. नऊपैकी आठ जणांना सारखंच बक्षीस होतं : समुद्रकाठच्या शहरात अंतिम फेरी, जोडीदारासकट विमानाचं तिकीट आणि चार दिवस मुक्काम. नवव्याला काही नाही. ताईने बस स्थानकाच्या खिडकीवर बसून अठ्ठावीस वर्षं लोकांना तिकिटं दिली आणि स्वतः कुठेच गेली नाही. समुद्र दाखवीन, असा शब्द दाजींनी लग्नात दिला होता.

रविवारची दुपार होती. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलेलं. एका बिघडलेल्या मिक्सरला मोबाईल टेकवून ठेवला होता आणि आम्ही तिघं त्याच्यापुढे श्वास रोखून. टेबलावर नऊ खेळाडू, चिप्समध्ये, म्हणजे डावावर लावायच्या सोंगट्यांमध्ये, दाजी चौथे. एका बिचाऱ्याकडे जेमतेम दोन डावांपुरत्या चिप्स उरलेल्या, त्याचा गाशा गुंडाळायची वेळ आली होती. तो गेला की बाकी आठही जणांचं तिकीट पक्कं.

आणि नेमके तेव्हाच दाजींना दोन एक्के आले.

पोकरमध्ये सुरुवातीला हातात दोनच पत्ते येतात आणि त्यात दोन एक्क्यांपेक्षा भारी काही नसतं. दाजींचे कान लाल झाले. तेवढ्यात सगळ्यात जास्त चिप्स असलेल्या 'घोडा ९९' नावाच्या पठ्ठ्याने सगळ्या चिप्स एकदम पुढे ढकलल्या. बाकीच्यांनी मुकाट पत्ते टाकून डाव सोडला. आता भिडायचं तर दाजींनाही सगळं लावावं लागणार होतं. पडद्यावर घड्याळ सुरू झालं. चाळीस सेकंद.

"भिडा!" मी ओरडलो. मी शाळेत गणित शिकवतो, म्हणजे अक्कल असायला हरकत नव्हती. "शंभरात ऐंशी वेळा तुम्ही जिंकता, दाजी!"

"मुद्दा असा आहे, की तो थापा मारतोय," दाजी म्हणाले. "सकाळपासून बघतोय मी त्याला. त्याच्याकडे काही नाही."

तीस सेकंद. त्यांचा अंगठा बटणाकडे निघाला.

"अहो, जिंकलात तर काय मिळेल?" ताईने विचारलं.

"त्याच्या चिप्स."

"त्याने तिकिटं दोनाची चार होतात का?"

"नाही."

"आणि हरलात तर?"

"मग नववा मीच," दाजी म्हणाले. ऐंशीच्या पलीकडे वीस उरतात हे मला आत्ता आठवलं.

"सगळा जन्म मी खिडकीवर काढला," ताई म्हणाली. "पहिल्या सीटवाल्याची गाडी तीच आणि शेवटच्याचीही तीच. गाडीत जागा असताना दारात मारामारी कशाला?"

"अगं, पण एक्के आहेत! एक्के कोणी टाकतं का? मी बरोबर आहे!"

"तुम्ही नेहमीच बरोबर असता," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता.

बारा सेकंद. दाजींच्या कपाळावरून घाम ओघळून मोबाईलवर पडला. त्यांनी तो बाहीने पुसला, आणि पुसताना बटण दाबलं जातं की काय म्हणून माझा जीव टांगणीला लागला. सहा. पाच. त्यांनी ताईकडे बघितलं. तीन सेकंद उरले असताना त्यांनी पत्ते टाकले.

घोडा ९९ ने मुद्दाम आपले पत्ते उघडून दाखवले. सत्ती आणि दुर्री, पोकरमधले सगळ्यात रद्दी पत्ते. खाली खदाखदा हसणारा चेहरा.

दाजी उठून उभे राहिले आणि पुन्हा बसले. "मी बरोबर होतो," ते म्हणाले.

"होतात," ताई म्हणाली.

पुढच्याच डावात तो दोन डावांचा पाहुणा बाद झाला आणि पडद्यावर दाजींचं तिकीट आलं. मी टाळ्या पिटल्या. ताई पदराने डोळे पुसत होती. दाजी मात्र भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेल्या टेपकडे बघत बसले होते.

"मास्तर, धाकट्याचा नंबर आहे का रे तुझ्याकडे?"

होता. मी एक अक्षरही न बोलता तो लावून दिला, हा माझ्यापुरता विक्रमच.

धाकट्यांनी आवाज ओळखला आणि अकरा वर्षांचं साचलेलं एका दमात बाहेर काढलं. फोन कानाला असूनही आम्हाला सगळं ऐकू येत होतं. "जिना पाडायला फोन केलास ना? वीतभर म्हणे! चार बोटं होती, चार बोटं! साऱ्या गल्लीत मला चोर ठरवलंस!"

ती वीतच होती. टेपचं एक टोक मीच धरलं होतं. दाजींनी तोंड उघडलं. ताईने डोळे मिटून घेतले.

"असतील," दाजी म्हणाले. "चार बोटंच असतील."

मग धाकटे म्हणाले, "दादा, जेवलास का?"