जॅम चाखणारे मामा

निग्रह हा गुण आपण पूज्य मानतो, आणि ते यथार्थच आहे. परंतु निग्रही माणसाचे एक दुःख असते: सर्व काही पाळूनही फळ आले नाही, तर राग कोणावर धरावा हेच त्याला उमगत नाही. आमच्या मामांच्या वाट्याला हे दुःख आले.

जॅमच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षे पाक पाहिला. कढई केव्हा उतरवायची, हे त्यांची जीभ ठरवी. पंचावन्नाव्या वर्षी मधुमेह निघाला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होताच. डॉक्टर म्हणाले, "साखर उतरल्याशिवाय शस्त्रक्रिया नाही. आणि अशीच चढी राहिली तर आतला पडदाही जाईल."

त्या दिवसापासून प्रत्येक जेवणाआधी वाडगाभर काकडी, कोबी, उकडलेला घेवडा. मग मूठभर भात. चहा बिनसाखरेचा. तीन महिन्यांनी तपासले, तर आकडा चढलेला!

"आता रवंथ करायचाच काय तो राहिलाय!" मामा मामींवर उखडले. "तुझ्या घेवड्यातच खोट असणार."

"हो, फोडणीत वाटीभर साखर घालते ना मी!"

मामांनी तपासणीची जागा बदलली, वाडग्यात कच्चे कारले वाढवले. आणखी तीन महिने गेले. आकडा ढिम्म. अहवालाचा चोळामोळा करून त्यांनी तो भिरकावला आणि तसेच उपाशी कामावर गेले. दुपारी मामी डबा घेऊन कारखान्यात पोहोचल्या. मामा कढईपाशी उभे होते, चमचा तोंडात.

"अहो, हे काय?"

"चाखतोय. दिसत नाही?"

"दिवसातून किती वेळा?"

"कढईमागे दोनदा. चौदा कढया."

"अठ्ठावीस चमचे! अर्धी बरणी झाली की हो! डॉक्टरांना का नाही सांगितलंत?"

"त्यांनी खाण्याचं विचारलं," मामा चिडून म्हणाले. "हे खाणं आहे का? हे काम आहे."

"मग थुंकून टाकायचं."

"पाकावर थुंकू? त्यापेक्षा आंधळा होतो."

तरीही दुसऱ्या दिवशी त्यांनी चमचा खाली ठेवला. थंड बशीवर थेंब टाकून पाक पाहायला ते शिकले. पहिल्या आठवड्यात तीन कढया बिघडवल्या आणि सगळ्या जगाला शिव्या घातल्या. भाज्यांचे पथ्य तेच होते. आता मात्र साखर उतरली. शस्त्रक्रियेच्या वेळी कळले, की डाव्या डोळ्याचा पडदा गेला आहे. "सहा महिने पाला खाल्ला मी, सहा महिने!" एवढेच ते पुनःपुन्हा म्हणत राहिले.

उजव्या डोळ्यावर ते पुढे नऊ वर्षे जगले. आज कारखान्यात पाक तापमापकाने पाहतात. चवीपुरता एकच चमचा घ्यायचा, तोही रोज वेगळ्या माणसाने, हा मामांनी घालून दिलेला नियम अजून चालू आहे.